टिंब्याचं डावं-उजवं

९ जानेवारी

प्रिय ठकू,

तुझं कार्ड काल मिळालं. चार ओळी, त्यातली एक पत्त्याची. तरी सात वेळा वाचलं, दोनदा उलटं धरून. छापखान्यात अक्षरांचे उलटे खिळे जुळवणाऱ्याची खोड, जित्याची खोड, जायची नाही. तुला तळमजल्यावर जागा मिळाली, पुढे थोडं अंगण आहे आणि महिनाअखेरीस येऊन तू टिंब्याला घेऊन जाणार आहेस. "तो कसा आहे तेवढं कळवा," असं लिहिलंयस. मी कसा आहे ते विचारलेलं नाहीस. असू दे. कुत्र्याच्या निमित्ताने का होईना, दोन वर्षांनी घरात तुझं अक्षर आलं.

टिंब्या मजेत आहे. दहावं लागलं त्याला, म्हणजे कुत्र्यांच्या मानाने तो आता माझा समवयस्क. अजून काळा कुळकुळीत आहे, हनुवटी तेवढी पिकली. पूर्वीसारखा उधळत नाही. जिना धडाधड उतरणं बंद केलंय. संध्याकाळी बाहेर जायला कुरकुरतो, ते मला सोयीचंच. खाणं व्यवस्थित.

अक्षर वेडंवाकडं आलंय, त्याला हसू नकोस. उजव्या हाताची दोन बोटं बांधलेली आहेत. छापखान्यात कागद कापायच्या यंत्रापाशी जरा लागलं. विशेष काही नाही.

येण्याची घाई करू नकोस. नव्या जागेत आधी नीट बस. एवढ्या लांबच्या प्रवासात मुक्या जनावराचे हाल होतात. दोन-तीन महिन्यांनी आलीस तरी बिघडत नाही. घरात काही हलवलेलं नाही. तुझं टेबल, आईची खुर्ची, सगळं जागच्या जागी आहे.

तुझे बाबा

१३ जानेवारी

ठकू,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि आत हात घालून ते परत काढता येईल का, हे पाहत उभा राहिलो. मनगटापर्यंतच हात गेला. पोस्टमन म्हणाला, "आजोबा, काय हरवलं?" मी म्हटलं, "अक्कल." तो हसला.

टिंब्याला दिसत नाही.

हे तीन शब्दांचं वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. एरवी एवढं वाक्य मी अर्ध्या मिनिटात जुळवतो.

केव्हापासून म्हणशील तर गेल्या पावसाळ्यापासून असावं. आधी संध्याकाळचा दारातच अडायचा. मला वाटलं, शेफारलाय. मग चेंडू टाकला की जागचा हलेना. मला वाटलं, आळस. एक दिवस आईच्या खुर्चीला धडकून पाण्याचं भांडं लवंडलं, तेव्हा मी त्याला चपलेने मारलं. ठकू, मी त्याला मारलं. तो कोपऱ्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. मी म्हटलं, पहा, कसा रुसलाय. तो रुसला नव्हता. भिंत कुठे आहे आणि मी कुठे आहे, हेच त्याला कळत नव्हतं.

बोटांना यंत्र लागलेलं नाही. तो चावला. झोपला होता, मी न बोलता पाठीवर हात ठेवला. दचकून दात लावले आणि मग माझा आवाज ऐकून इतका वेळ हात चाटत राहिला की मलाच त्याची समजूत घालावी लागली.

समोरच्या शिवणकाकूंनी शेवटी मला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे पिटाळलं. त्यांनी टिंब्याच्या नाकासमोर कापसाचा बोळा सोडला. बोळा आवाज न करता खाली पडला. टिंब्याची मान हलली नाही. दुसरा सोडला. तिसरा सोडला. मी म्हटलं, "बाई, पुरे." डोळ्यामागचा पडदा झिजत जातो म्हणे, दुखत नाही, औषध नाही. "आधी आणला असता तर?" मी विचारलं. "नजर वाचली नसती," त्या म्हणाल्या. "पण थोडं दिसत होतं तोवर त्याला घर पाठ करून देता आलं असतं."

मला भीती वाटते. तो माझ्याकडे मान वर करून बघतो तेव्हा वीतभर बाजूला बघतो. तिथे कोणी उभं असल्यासारखा. जिन्याची तर इतकी धास्ती घेतलीय की छापखान्यात काम करताना हात थांबतो. चौदा पायऱ्या, खाली दगडी फरशी, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की लगेच उतार. आता वर फळी आडवी लावलीय. तरी दिवसातून चार वेळा घरी येऊन तो फळीच्या अलीकडे आहे ना ते बघतो. मालक म्हणाले, "घरी कुत्रा आहे की तान्हं बाळ?"

आणि तुझी भीती वाटते. ती सगळ्यांत जास्त.

बाबा

२० जानेवारी

ठकू,

तुझं उत्तर काल आलं. "आईच्या वेळी केलंत तेच पुन्हा केलंत. अठ्ठावीसला येते." बस्स. खाली नाव पण नाही.

आईच्या आजाराचं तुला का कळवलं नाही, ते मी सांगितलं आहे. तिनेच शपथ घातली होती. पोरीची पहिली नोकरी आहे, तिला मध्येच बोलावू नका, असं तीच म्हणाली. मी काय करणार होतो? तो विषय राहू दे.

टिंब्याचं सांगतो. या आठवड्यात मी त्याला शिकवायला बसलोय, आणि सांगायला हरकत नाही, बाप तुझा अगदीच टाकाऊ नाही.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, वस्तू हलवू नका, हात लावण्याआधी बोला, एकेका शब्दाला एकच काम ठेवा. मला हसूच आलं. चाळीस वर्षं दुसरं केलं काय मी? खिळ्यांची केस आठवते ना? शे-दीडशे खण, प्रत्येक अक्षराचं घर ठरलेलं. चांगला कंपोझिटर केसकडे बघत नाही, त्याचा हात जातो. एका खणात दुसऱ्याचा खिळा पडला की घोटाळा. म्हणून मी घराचीच केस केली. दाराशी काथ्याचं पायपुसणं, म्हणजे पायाला टोचलं की दार. पाण्याच्या भांड्याखाली रबराचा तुकडा. आईच्या खुर्चीच्या पायांना जुनं फडकं गुंडाळलं, धडकला तरी लागू नये म्हणून. माझ्या चपलेला घुंगरू बांधलंय. शिवणकाकू म्हणाल्या, "या वयात नाचायला लागलात?" मी म्हटलं, "सूर लागला की बोलावतो."

आणि शब्द. 'सावकाश' कळतो. 'पायरी' कळतो. 'डावी' आणि 'उजवी' तर इतके पक्के, की त्याला शाळेत घालावं. खोलीच्या दारातून तो बाहेर आला, की मी बोळातून हाक मारतो, बिस्किट हातात, आणि शब्द ऐकला की वळतोच वळतो. तू आलीस आणि तो चुकीकडे निघाला, तर ओढू नकोस, धरू नकोस, घाबरतो. नुसतं डावी किंवा उजवी म्हण. लगेच ऐकेल.

परवा त्याला शिकवताना तुझी आठवण झाली. पाच वर्षांची होतीस. मी जुळवलेली ओळ तुझ्यापुढे धरायचो आणि म्हणायचो, "ठकू, उलटं वाच!" आणि तू धडाधड वाचायचीस. शाळेत सरळ पुस्तक दिलं तेव्हा बाईंना म्हणालीस, "हे छापायचं राहिलंय." आई तीन दिवस हसत होती.

अठ्ठावीसला ये. सकाळची गाडी असेल तर मी स्टँडवर येतो. पुढचं तू ठरवशील तसं.

बाबा

२६ जानेवारी

ठकू,

हे पत्र तुला वेळेत मिळणार नाही. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, कितीही तिकिटं लावा, तीन दिवस लागणारच. तू उद्या निघणार. तरी लिहितोय, कारण नुसतं बसवत नाही.

माझ्या मागच्या पत्रात एक चूक आहे, आणि ती छापून गेलीय.

आज शिवणकाकू टिंब्याला फिरवायला घेऊन गेल्या. माझा गुडघा धरला होता. अर्ध्या तासात परत आल्या त्या तावातावाने. "तुमचा कुत्रा आंधळा नाही, उलट्या डोक्याचा आहे! समोर हातगाडी, उजव्या अंगाला. मी म्हटलं डावी, तर गेला ना सरळ गाडीवर! पुन्हा डावी म्हटलं, तर आणखी तिकडेच!" टिंब्याच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. शेपटी मात्र हलत होती, कारण त्याच्या मते त्याने सांगितलेलं बरोबर केलं होतं.

मी दोरी हातात घेतली आणि त्याच्या मागे उभा राहिलो. पहिल्यांदाच मागे. म्हटलं, "टिंब्या, डावी." तो उजवीकडे वळला.

ठकू, मी त्याला सगळं समोर उभं राहून शिकवलं. बिस्किटाचा वास देत, तोंडाकडे तोंड करून. माझी डावी ती त्याची उजवी. कोणाच्याही लक्षात आलं असतं. माझ्या नाही आलं. चाळीस वर्षं उलट्या ओळी वाचल्या, माझ्या डोक्यात डावं-उजवं सरळ कधी बसलंच नाही. समोरच्याचं आपोआप पालटून घेतो आणि पालटलंय हे मलाच कळत नाही. मालक चेष्टा करायचे, "याला रस्ता विचारू नका, घरून निघालेला माणूस घरीच पोचेल."

आता घरातलं बघ. खोलीच्या दारातून टिंब्या बाहेर आला, की त्याच्या डाव्या हाताला स्वयंपाकघर, उजव्या हाताला जिना. तो जिन्याकडे निघाला, तर तू काय म्हणशील? डावी म्हणशील. मीच तसं लिहून पाठवलंय.

दुपारपासून उलटं शिकवायचा प्रयत्न करतोय. तो गोंधळतो, बसतो, भांडं कुठे तेही विसरतो. एकदा थरथरायला लागला. मग सोडून दिलं. थांब हा शब्द तर मी शिकवलेलाच नाही. त्याला चालतं करायचं एवढंच डोक्यात होतं.

फळी आहे. फळी लावलेली आहे. आणि परवा सकाळपासून मी स्टँडवर उभा राहीन, घरात शिरण्याआधी तुला सांगेन. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.

बाबा

२ फेब्रुवारी

ठकू,

वाईट बातमी पहिल्या ओळीत लिहायची, असं तू बजावून गेलीस. तर लिहितो. काल टिंब्या टेबलावर आपटला, नाकाला खरचटलं. मीच टेबल झाडताना चार बोटं सरकवलं होतं.

त्या दिवशीचं आपण बोललोच नाही. तू वरून पाहिलंस, मी खालून पाहिलं. खालचं तुला सांगतो.

सकाळच्या तिन्ही गाड्या बघितल्या. तू उतरली नाहीस. तू ऑफिसातल्या बाईंच्या मोटारीने येशील, हे माझ्या बापाला तरी कुठे माहीत? घरी परतलो. घाईत कुलूप न लावता लोटून गेलेलं जिन्याखालचं दार सताड उघडं. वर पाहिलं, तर फळी भिंतीला टेकवून उभी केलेली. तू किती व्यवस्थित आहेस गं. बाजूला काढलेली वस्तूसुद्धा सरळ उभी करून ठेवतेस.

आणि तुझा आवाज. "टिंब्या! अरे, ये!" स्वयंपाकघराच्या दारातून. दोन वर्षांनी. खोलीतून त्याची नखं वाजत आली, घाईने, सावकाश बिवकाश विसरून. दारात येऊन तो थबकला. माझी चाहूल लागली असणार. एकीकडे तू, एकीकडे मी. त्याने जिन्याकडे तोंड केलं.

तू म्हणालीस, "डावी, टिंब्या. डावी."

तो आणखी वळला. जिन्याच्या तोंडाशी त्याचं नाक दिसलं मला. काळं नाक आणि पिकलेली हनुवटी. तू जोरात म्हणालीस, "डावी!" तो एक पाऊल पुढे आला. त्याचा पुढचा पाय पायरी शोधत हवेत होता.

मी पहिल्या पायरीवर, तेरा पायऱ्या खाली. धावून पोचणं माझ्या गुडघ्यांच्या हातात नव्हतं. ओरडावं तर तो आवाजाकडे येणार, खाली. न ओरडावं तर तू तिसऱ्यांदा डावी म्हणणार. आईच्या खोलीबाहेरही असाच अडकून उभा होतो. तेव्हा मी गप्प बसलो होतो.

"ठकू, उलटं वाच!"

तुला कसं कळलं? मी पत्रात समजावून सांगायला दोन पानं घेतली होती आणि ती पानं अजून वाटेतच होती. तू एक श्वाससुद्धा घेतला नाहीस. "उजवी!" म्हणालीस. तो पाय हवेतच फिरला. पायरीच्या कडेला नख घासलं, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आणि मग फक्त शेपटी दिसली, तुझ्याकडे जाणारी.

मी तिथेच पायरीवर बसलो. तू खाली आलीस, टिंब्याला छातीशी धरून, आणि इतकी रागावलीस की मला बरं वाटलं. दोन वर्षांत माझ्यावर कोणी इतकं मनापासून रागावलं नव्हतं. "एवढं सगळं झालं आणि तुम्ही म्हणे मजेत आहे!" टिंब्या आपला तुझ्या हनुवटीला चाटत होता.

मग तू दोन दिवस राहिलीस. बोळातून डोळे मिटून चाललीस, पावलं मोजलीस, आणि जाताना म्हणालीस, "बाबा, याला हे घर पाठ आहे. मी नाही नेत. दर महिन्याला येईन. पण मला सगळं खरं कळवायचं. वाईट आधी." आईच्या खुर्चीवर बसून म्हणालीस.

ठकू, वरची पहिली ओळ फसवी आहे. नाक खरचटलंय ते खरं. पण वाईट बातमी ती नाही.

आईने शपथ घातली नव्हती.

तिने तुला बोलवा म्हणून सांगितलं होतं. पहिल्या आठवड्यातच. मी कागद घेऊन बसायचो आणि उठायचो. लिहिलं की खरं होतं, असं वाटायचं. माझ्या हातून जुळलेलं प्रत्येक वाक्य छापून निघालेलं मी पाहिलंय. मला हे वाक्य जुळवायचं नव्हतं. तिने विचारलं, "ठकूला कळवलंत का?" मी म्हटलं, कळवलं. दोन दिवसांनी विचारलं, "निघाली का?" मी म्हटलं, निघालीय. ती दाराकडे कूस करून झोपायची. शेवटच्या सकाळी म्हणाली, "तिला रजा मिळाली नसेल. तुम्ही तिला बोलू नका काही."

म्हणजे तू आली नाहीस असं समजून ती गेली, आणि तरी तिने तुझीच बाजू घेतली. आणि मी दोन वर्षं तिच्या नावावर शपथ खपवली. मी दुष्ट नव्हतो गं. भ्यालो होतो. पण त्याने तुला काय फरक पडतो.

त्या दोन दिवसांत हे तोंडावर आलं होतं. तू इतकी शांतपणे पावलं मोजत होतीस की धीर झाला नाही. आता दर महिन्याला येईन म्हणालीस ते येऊ नये असं वाटलं, तर समजेन मी. टिंब्याला न्यायला मात्र ये. त्याला तुझा आवाज पाठ आहे. मी नसताना यायचं असेल तर शिवणकाकूंकडे किल्ली ठेवतो. आत आल्यावर फळी आधी परत लाव.

आता मी त्याच्या मागे उभा राहून शिकवतो. जुने शब्द मोडले. शिवणकाकूंनी दोन नवे सुचवले, ते लावलेत. तू आलीस की सांगतील त्या. दिवसातून दहा वेळा चुकतो आणि दहा वेळा मी बिस्किट देतो, त्यामुळे तो लठ्ठ होणार हे नक्की.

पत्र टाकायला त्यालाच घेऊन जातोय. तो पुढे, मी मागे. पेटी वळणावर आहे. या वेळी हात आत घालून बघणार नाही.

बाबा